जिनाचा भोंगा आणि दूरच्या लढाया
(बुलढाणा जिल्ह्यातील कारखानदारी : प्रस्तावना)

बुलढाणा जिल्ह्यात तोफा ओतणारा किंवा काडतुसे भरणारा कारखाना कधी उभा राहिला नाही. तरीही येथील कारखानदारीचा इतिहास लिहायचा झाला तर त्याचे टप्पे लढायांच्या सनावळीनेच पाडावे लागतात : १८६१, १९१४, १९४१. तिन्ही वेळा लढाई पेटली ती हजारो मैलांवर, आणि तिचा भाव फुटला तो खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगावच्या कापूसबाजारात. कोणत्या समुद्रात कोणाची जहाजे अडली, यावर येथील जिनाचा भोंगा त्या हंगामात किती दिवस वाजायचा हे ठरत असे. युद्धसामग्रीच्या कारखान्यांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. युद्धाने चालवलेल्या आणि युद्धाने बसवलेल्या, पण स्वतः एकही शस्त्र न घडवणाऱ्या कारखान्यांचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. बुलढाण्याचा इतिहास हा त्या दुसऱ्या जातीचा आहे.

‘कारखाना’ म्हणजे या जिल्ह्यात दीर्घकाळ एकच गोष्ट होती : जिनिंग आणि प्रेसिंग. शेतातून वेचून आलेल्या कापसातून जिनात सरकी वेगळी होते; निघालेली रुई प्रेसमध्ये दाबून तिची गठाण बांधली जाते. ढोबळ हिशेबाने कापसाच्या वजनातील एक तृतीयांश रुई, बाकी सरकी. सूत काढणे, विणणे, रंगवणे, शिवणे ही सगळी पुढची कामे दुसरीकडे. कापसाला कापड होईपर्यंत जी किंमत चढत जाते, तिच्या पहिल्याच पायरीवर हा कारखाना थांबतो. तो अर्धा कारखाना आहे, आणि दीडशे वर्षांत तो पूर्ण का झाला नाही हाच या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

जिल्ह्याची रचना आधी ध्यानात घ्यावी लागते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने त्याचे दोन तुकडे केले आहेत. लोक त्यांना ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ म्हणतात. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. खालची जमीन काळी, खोल, ओल धरणारी; कापूस मुख्यतः तिथलाच. रेल्वेही तिथूनच गेली. घाटावरच्या तालुक्यांना आजतागायत रूळ दिसलेले नाहीत, आणि कारखान्यांचा नकाशा पाहिला तर तो जवळपास रेल्वेच्या नकाशावर बसतो. खामगाव आणि जळगाव हे दोन कापूसतालुके मुळात अकोला जिल्ह्यात होते; १९०५ च्या फेररचनेत ते बुलढाण्याला जोडले गेले. त्याआधीच्या सरकारी आकड्यांत खामगाव शोधायचे तर ते अकोल्याच्या पानांवर सापडते, हे अभ्यासकाने विसरू नये.

वाफेचे यंत्र येण्यापूर्वी या भागात उद्योग नव्हते असे नाही, आणि गंमत म्हणजे त्या काळी उद्योगांची पेठ घाटावर होती. लोणारच्या सरोवराविषयी ‘आईन-इ-अकबरी’त नोंद आहे की काच आणि साबण करायला लागणारे सारे द्रव्य तिथे मिळते, आणि तिथल्या सोऱ्याच्या कामातून सरकारला चांगला महसूल येतो. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक. एकाच ठिकाणच्या क्षारांतून घरातला साबण आणि फौजेची दारू या दोन्हींची सोय होत होती. देऊळघाटला बऱ्या प्रतीचे पोलाद घडवले जाई, असे इंग्रजी गॅझेटिअर सांगते. मेहकरचे विणकर तर इतके संपन्न होते की पंधराव्या शतकाच्या अखेरीस गावाला तटबंदी बांधण्याचा खर्च त्यांनीच उचलला. मोमीन दरवाजा त्यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३ चा दुष्काळ यांनी मेहकरची ती रया गेली. त्याच १८०३ साली दुसरे इंग्रज-मराठा युद्ध आसई आणि आडगावच्या रणात लढले गेले. फौजा उभी पिके तुडवत वऱ्हाडातून गेल्या. कारागिराच्या गावाला युद्धाचा फायदा क्वचितच होतो. फायदा होतो तो ज्याच्याकडे साठा, भांडवल आणि वाहतूक असते त्याला. हा भेद पुढच्या प्रत्येक युद्धात दिसतो.

यंत्राच्या बाजूने पाहिले तर जिन आणि बंदूक यांचे नाते जन्मापासूनचे आहे. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र बनवले. त्यातून त्याला अपेक्षेएवढा पैसा मिळाला नाही, खटलेच अधिक लढावे लागले. मग १७९८ मध्ये त्याने अमेरिकन सरकारला दहा हजार बंदुका पुरवण्याचा मक्ता घेतला आणि सुटे भाग एकसारखे बनवून कोणत्याही बंदुकीला बसवता येतील, या कल्पनेचा प्रचार केला. स्वतः त्याला ते पूर्णपणे साधले नव्हते, असे आता अभ्यासक म्हणतात. पण एकसारख्या सुट्या भागांची पद्धत अमेरिकेच्या शस्त्रागारांत पक्की झाली आणि तिथून शिवणयंत्रे, सायकली, मोटारी यांच्या कारखान्यांत गेली. वऱ्हाडात आलेले जिन व्हिटनीच्या करवती जातीचे नव्हते. आखूड धाग्याच्या देशी कापसाला चामड्याच्या रुळाचे मॅकार्थी जिन मानवले. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कंपन्यांनी ते हिंदुस्थानभर विकले.

वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले तेच मुळी फौजेच्या हिशेबापोटी. हैदराबाद कंटिंजंट या पलटणीचा खर्च निजामाकडे थकला होता; तो वसूल करण्यासाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारने घेतला. पलटणीचा पगार शेतसाऱ्यातून काढायचा, आणि शेतसारा नगदी पिकातून, ही साखळी तेव्हाच जुळली. मँचेस्टरच्या गिरणीमालकांचे लक्षही या मुलुखावर होते, कारण लँकेशायरला लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश एकट्या अमेरिकेतून येत होता आणि एवढे परावलंबन त्यांना धोक्याचे वाटत होते. १८५७ मध्ये त्यांनी पर्यायी कापूस शोधण्यासाठी कॉटन सप्लाय असोसिएशन काढली. तोवर वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. १८४२ मध्ये अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्याकडे पाठवल्याची आठवण गॅझेटिअरने टिपली आहे. आकडा फुगवलेला असू शकतो. पण वाटेत पाऊस लागला, धूळ बसली, बैल मेले की मालाचे काय होत असेल, हे समजायला आकडा अचूक असण्याची गरज नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना बंद पडू लागल्या. लिव्हरपूलला भाव तिपटी-चौपटीवर गेला. मुंबईत पैशाचा पूर आला. त्यातून बँका, कंपन्या, समुद्र हटवण्याच्या योजना निघाल्या आणि १ जुलै १८६५ च्या वायद्यांना सगळे कोसळले, ही कथा प्रेमचंद रायचंद यांच्या नावासह मराठी वाचकाला परिचित आहे. वऱ्हाडातली कथा तेवढी परिचित नाही. इथे कापसाखालची जमीन वाढली, ज्वारीची घटली, आणि मारवाडी-गुजराती सावकार-अडत्यांनी गावोगाव कर्जे वाटली. भाव पडले तेव्हा मुंबईतल्या सटोडियाचे दिवाळे निघाले. वऱ्हाडच्या कास्तकाराचे दिवाळे निघत नाही, त्याच्यावर कर्ज राहते. शांतता झाली ही बातमी या भागात मंदीची बातमी म्हणून आली.

त्या चार वर्षांनी एक टिकाऊ गोष्ट मात्र घडवली : वाहतूक आणि यंत्र. जी. आय. पी. रेल्वेचा भुसावळहून निघालेला फाटा मलकापूर, नांदुरा, शेगावमार्गे अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. म्हणजे मार्ग पूर्ण होईपर्यंत युद्ध संपले होते. खामगाव हे वऱ्हाडातील सर्वांत मोठ्या कापूसबाजारांपैकी एक, पण मुख्य मार्गापासून बाजूला पडले. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा सरकारी रेल्वेफाटा टाकण्यात आला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी तो सुरू केला. सुएझचा कालवा नुकताच, नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला होता. मुंबई-लंडन समुद्री तार त्याच १८७० सालची. आठ मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉयने जातीने यावे, यातच खामगावच्या कापसाचे तेव्हाचे वजन कळते. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस कमिशनर रिव्हेट-कारनॅक यांची खटपट यामागे होती. बाजाराची आखीव जागा, स्टेशनालगत प्रेससाठी भूखंड, हिंगणघाटचे लांब धाग्याचे बियाणे आणून देणे, असे अनेक उद्योग त्यांनी केले. पहिले साधले, शेवटचे फसले.

मग परदेशी पेढ्या आल्या. रॅली ब्रदर्स आणि स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची व्होल्कार्ट ब्रदर्स यांनी वऱ्हाडात आपले अडते बसवले. व्होल्कार्टची खामगावची पेढी त्यांतली महत्त्वाची होती. तारेने युरोपचा भाव सकाळी यायचा आणि दुपारी बाजारात बंड्या सुटायच्या. पूर्वी गाठ मुंबईत दाबली जाई. आता ती खामगावातच पक्की दाबून थेट जहाजापर्यंत जाऊ लागली. मुंबईची गाठ ३९२ रतलांची, म्हणजे अर्धी खंडी. आज ती १७० किलोंची धरतात. मधले दलाल कमी झाले, पण कास्तकाराला त्याचा लाभ झाला असे दिसत नाही. कमी झालेले दलाल बहुतेक मुंबईचे होते. तोलमापातील लबाडी, ‘कडता’, दलाली, धर्मादाय अशा कपाती इतक्या होत्या की हैदराबादच्या रेसिडेंटने १८८६ मध्ये कारंज्याचा बाजार नियमांखाली आणला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची ही पणजी.

यंत्राने काय बदलले, हे थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. सरकी काढायचा हातरेचा घरात चाले आणि तो बायका चालवत. सरकी घरातच राही : थोडी बियाण्याला, बाकी दुभत्या जनावराला. जिन आल्यावर रेच्याची मजुरी बुडाली आणि त्याच बायका जिनात कामाला गेल्या. जिनाच्या लांबलचक खोलीत दोन्ही बाजूंनी यंत्रांची ओळ, प्रत्येकापुढे एक बाई कापूस भरते आहे, हवेत रुईचे तंतू आणि धूळ, हे दृश्य शंभर वर्षांत फार बदलले नाही. सरकी मात्र आता शेताची राहिली नाही. दहा गावांचा कापूस एका ढिगात पडे आणि त्याच ढिगातली सरकी पुढच्या पेऱ्याला विकली जाई. त्यामुळे वाणांची भेसळ झाली. मऊ, तुलनेने लांब धाग्याची ‘बनी’ मागे पडली आणि आखूड, भरड पण रुईचा उतारा जास्त देणारी ‘जरी’ सगळीकडे पसरली. जिनवाल्याला वजन हवे होते, जरीने ते दिले. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा आहे म्हणून इथे चांगल्या गिरण्या निघाल्या नाहीत, असे पुढे सांगितले जाऊ लागले. तो आखूड होण्यात कारखान्याचा हात होता, हे सांगताना विसरले जाई.

जिन हा हंगामी कारखाना. दिवाळीनंतर सुरू आणि उन्हाळ्यात बंद. हेच निमित्त करून तो कायद्याबाहेर राहिला. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभराहून कमी मजुरांच्या आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागू नव्हता. १८८० च्या दशकात मुंबई सरकारने केलेल्या चौकशीत शेजारच्या खानदेशातील जिनांचे वर्णन आले : पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बायका, तेजीत तर दिवसरात्र पाळी. वऱ्हाडातील स्थिती निराळी असण्याचे कारण नव्हते. हंगामी कारखाने खऱ्या अर्थाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ मध्ये. १९३४ च्या कायद्यानेही त्यांना सवलत ठेवली : बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास, हंगामी कारखान्यात ६०.

मालकांची युक्ती याहून मजेदार होती. तेजीच्या काळात जिन इतके उभे राहिले की सगळ्यांना पुरेल एवढा कापूसच नव्हता. तेव्हा मालकांनी ‘पूल’ केले : ठराविक जिन चालवायचे, बाकीचे बंद ठेवायचे, दर सर्वांनी मिळून वाढवायचा आणि नफा बंद जिनवाल्यालाही वाटायचा. त्यामुळे यंत्र फिरवण्याचा विचारही नसताना केवळ पूलमध्ये हिस्सा मिळावा म्हणून जिन बांधणारे निघाले. वऱ्हाड-खानदेशात अशी मुकी जिने बरीच होती. या वाटून घेतलेल्या नफ्याचा बोजा शेवटी कापसाच्या भावातूनच वळता होई. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व क्रमांक बंधनकारक केला, नोंदवह्या ठेवायला लावल्या. भेसळ रोखणे हा त्याचा हेतू होता.

युद्धाचा नफा पुऱ्या कारखान्यात कसा मुरतो, याचा नमुना फार दूर नव्हता. अमेरिकन युद्धानंतरच्या कोसळण्यात टाटांची पेढी जबर अडचणीत आली. १८६७-६८ मध्ये ब्रिटिश सेनापती नेपियरच्या अबिसिनियातील फौजेला रसद पुरवण्याच्या मक्त्यात नसरवानजी टाटांचा वाटा होता आणि त्या नफ्याने ती सावरली. पुढे जमशेटजींनी गिरणीसाठी जागा निवडली ती मुंबई सोडून कापसाच्या पोटातली, आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. वऱ्हाडात बडनेरा, अकोला, अचलपूर येथेही कापडगिरण्या निघाल्या. बुलढाणा जिल्ह्याच्या वाट्याला जिन आणि प्रेसच राहिले. कारणे एकापेक्षा अधिक आहेत : कोळसा आणि पाणी यांची अडचण, बारमाही मजुरांचा अभाव, आणि सर्वांत मोठे म्हणजे भांडवलाचा स्वभाव. हंगामात पाच महिन्यांत व्याजासकट पैसा मोकळा करून देणारा धंदा हाताशी असताना वीस वर्षांनी फळ देणारी गिरणी कोण उभारणार? व्यापारी म्हणून हा हिशेब चुकीचा नव्हता. जिल्ह्याच्या दृष्टीने तो महाग पडला.

१९१४ पर्यंत वऱ्हाडी कापसाचे गिऱ्हाईक बदलले होते. ब्रिटनचा वाटा अगदी थोडा उरला होता. आखूड धागा जर्मनी, बेल्जियम, ऑस्ट्रिया, इटली आणि जपान घेत. १८९३ मध्ये मुंबई-कोबे जहाजमार्ग सुरू झाल्यापासून जपानचा पाय पसरत होता. ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात युद्ध भडकले तेव्हा हंगाम तोंडावर होता, आणि मध्य युरोपची सगळी बाजारपेठ एका आठवड्यात शत्रुराष्ट्र झाली. भाव कोसळले. पन्नास वर्षांपूर्वीच्या युद्धाने जे दिले ते याने हिसकावले. पुढे १९१७-१८ मध्ये भाव चढले, कारण लँकेशायरचे कापड येणे कमी झाले, मुंबई-नागपूरच्या गिरण्यांना लष्करी मागणी आली आणि जपानने खरेदी वाढवली. या तेजीत जिनवाल्यांना नवे यंत्र मात्र मिळेना. इंग्लंडचे यंत्रकारखाने तोफगोळ्यांना लागले होते.

या युद्धात कापसाचा दुसरा चेहरा जगापुढे आला. १८४६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शोनबाइनने कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून स्फोटक कापूस बनवला होता. ब्रिटिश फौजेच्या पहिल्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के स्फोटक कापूस आणि ५ टक्के व्हॅसलीन असे. नायट्रोग्लिसरीनला लागणारे ग्लिसरीन साबण करताना निघते. म्हणजे बंदुकीच्या गोळीमागची शक्ती साबणाच्या कढईतून आणि कापसाच्या बोंडातून येत होती. म्हणूनच ऑगस्ट १९१५ मध्ये ब्रिटनने कापूस युद्धनिषिद्ध माल ठरवला. जर्मनीकडे जाणारी गाठ पकडणे हे बंदुका पकडण्याइतकेच महत्त्वाचे झाले. हिंदुस्थानात कॉर्डाइट नीलगिरीतील अरुवनकाडू येथे होत असे. वऱ्हाडी शेतकऱ्याला आपल्या पिकाची ही गत ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

युद्धाने सरकारलाही काही शिकवले. हिंदुस्थानात कारखाने नसणे हे साम्राज्याच्या संरक्षणालाच घातक आहे, हे कळल्यावर १९१६ मध्ये औद्योगिक आयोग नेमला गेला आणि १९१७ मध्ये इंडियन म्युनिशन्स बोर्ड स्थापन झाले. कापसासाठी १९१७ मध्येच समिती बसली व तिच्यातून १९२१ ची मध्यवर्ती कापूस समिती आली. या समितीच्या पैशावर वाण सुधारण्याचे काम झाले, तेही उशिरा. दरम्यान जपान हेच मुख्य गिऱ्हाईक झाले. १९३३ मध्ये हिंदुस्थानने जपानी कापडावर जबर कर बसवला तेव्हा जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या करारात कापूस आणि कापड यांचा हिशेब एकमेकांना बांधला गेला : जपानने पंधरा लाख गाठी घेतल्या तर त्याबदल्यात जास्तीत जास्त चाळीस कोटी वार कापड हिंदुस्थानात विकावे. खामगावचा अडत्या ओसाकाच्या मर्जीवर किती विसंबला होता, ते त्या बहिष्काराच्या एका हंगामात दिसले.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरल्यावर हे गिऱ्हाईक पुरते गेले. हंगाम ऐन भरात होता, आखूड धाग्याच्या कापसाचे ढीग पडून राहिले आणि सरकारला १९४२ मध्ये आयात कापसावर जादा कर लावून शेतकऱ्यांच्या मदतीसाठी निधी उभारावा लागला. त्याच वेळी देशातल्या गिरण्या खाकी कापड, तंबू आणि पट्ट्यांच्या लष्करी मागणीने अहोरात्र चालत होत्या, पण त्यांना हवा होता मध्यम आणि लांब धागा. शेजारी कापडाची तेजी आणि शेतात कापसाची मंदी, असा उलटा प्रकार झाला. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेने कापसाखालची जमीन ज्वारीकडे वळवली. रेल्वेच्या वाघिणी आणि कोळसा लष्कराने घेतल्यावर जिनांच्या अडचणीत भर पडली. १९४३ मध्ये कापड आणि सुतावर नियंत्रण आले. ज्या जिल्ह्यातून कापूस जातो त्याच जिल्ह्यात धोतर-लुगड्यासाठी रांगा लागल्या. अर्ध्या कारखान्याचा अर्थ याहून स्पष्ट कोणी सांगू शकणार नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले ते फाळणीने. लांब धाग्याचा सिंध-पंजाबचा पट्टा पाकिस्तानात गेला, १९४९ मध्ये दोन्ही देशांचा व्यापार अडला आणि गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची पुन्हा आठवण झाली. १९५० च्या कोरियन युद्धाने जगभर कच्च्या मालाचे भाव उडाले. भारतात मात्र कापसाला सरकारी कमाल भाव होता, त्यामुळे त्या तेजीचा लाभ शेतापर्यंत पुरता आला नाही. युद्धाचा तोटा बाजाराने पोहोचवायचा आणि फायदा सरकारने अडवायचा, ही तक्रार तेव्हाची आहे, आणि ती खोटी म्हणता येत नाही.

संरक्षण उत्पादनाचे कारखाने जिल्ह्याच्या उंबऱ्यापर्यंत आले. भुसावळची आयुध निर्माणी १९४९ ची. १९६२ च्या चीन युद्धानंतर जी लाट आली तिच्यात १९६४ मध्ये वरणगावला लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना निघाला. पूर्वेकडे भंडारा, भद्रावती, अंबाझरी येथेही त्याच दशकात निर्माण्या उभ्या राहिल्या. सीमेपासून दूर, रेल्वेच्या मुख्य मार्गावर आणि मोकळ्या जमिनीवर, हे निकष विदर्भ-खानदेशाला लागू पडत होते. मलकापूरपासून बोदवडच्या पुढे गेले की वरणगाव. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे आणि भुसावळ यंत्र इंडियाकडे गेले. युद्धसामग्रीच्या या वर्तुळात बुलढाणा मधोमध आहे, पण त्यातला एकही कारखाना त्याच्या हद्दीत नाही.

शांततेच्या काळाची कारखानदारी वेगळ्या वाटेने आली. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस पणन महासंघाने घ्यायचा आणि जिनवाल्याने मजुरीवर रुई काढून द्यायची. शंभर वर्षे बाजाराचा मालक असलेला जिनवाला एका कायद्याने ठेकेदार झाला. युद्धातील चढउतारापासून कास्तकाराला पहिल्यांदाच आडोसा मिळाला, आणि काही वर्षे तो खरा होता. पुढे तोटा, विलंबाने मिळणारे चुकारे आणि शेजारच्या राज्यांत चोरून जाणारा कापूस यांनी ती योजना पोखरली आणि २००२ नंतर ती नावापुरती उरली. त्याच सुमारास बीटी वाण आले, २००० च्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेने जुन्या जिनांना नवी यंत्रे बसवण्यास मदत केली. ती यंत्रे आता ओल्डहॅमहून येत नाहीत. नागपुरात बनतात आणि परदेशातही विकली जातात. घाटावर सोयाबीनने कापसाला हटवले. दुसरबीडला जिजामाता सहकारी साखर कारखाना निघाला, पण पाण्यावाचून ऊस आणि उसावाचून साखर हे गणित फार काळ जमले नाही.

खामगावच्या औद्योगिक वसाहतीत हिंदुस्थान लिव्हरचा, म्हणजे आताच्या हिंदुस्थान युनिलिव्हरचा, साबणाचा कारखाना आला. मागास भागात उद्योग नेणाऱ्यांना सवलती देण्याचे राज्याचे धोरण १९६० च्या दशकापासूनचे. अशा वसाहती त्या धोरणाचे फळ. जिल्ह्यातला हा बारमाही, मोठा, पक्का माल बाहेर पाठवणारा कारखाना. लोणारच्या क्षारातून साबण होत असे त्या जिल्ह्यात तो तेल-चरबीच्या बाहेरून आलेल्या मालावर चालतो, हा इतिहासाचा एक खोडकरपणा. कापूस अजून गठाणीतच बाहेर जातो.

या विषयाची कागदपत्रे विखुरलेली आहेत. जिनांचे रोजमेळ, पूलचे करारनामे, प्रेसच्या नोंदवह्या, बाजार समित्यांची जुनी दफ्तरे यांतले बरेचसे खाजगी वाड्यांत आणि बंद जिनांच्या कचेऱ्यांत पडून आहे. जमिनींना भाव आल्यापासून जिने पाडली जात आहेत आणि दफ्तर रद्दीत चालले आहे. खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव येथील नगरपालिका, बाजार समित्या आणि महाविद्यालये यांनी ही दफ्तरे मागून घेऊन एका ठिकाणी ठेवावीत. १९१४ आणि १९४१ च्या हंगामांत जिनात कोणाला किती मजुरी मिळाली आणि कापूस कोणत्या भावाने गेला, याचे पक्के उत्तर त्यांतच आहे.